पाणी कुठं मुरतंय?

"ताई, खरं का हो? तुमची गाडी म्हणे तेलीबांध्याच्या तलावात गेली!"

सकाळचे सात वाजले होते. तीन दिवसांनी ऊन पडलं म्हणून मी तारेवर ओले टॉवेल टाकत होते, तेवढ्यात भिंतीवर वहिनींचं डोकं उगवलं. रायपूरच्या चौबे कॉलनीतली आमची ही सामाईक भिंत पाच फुटांची आणि वहिनीही जेमतेम तेवढ्याच. म्हणून पलीकडे एक घमेलं कायम उपडं ठेवलेलं असतं. किरकोळ बातमी असली तर वहिनी टाचा उंच करून भागवतात. घमेल्यावर चढल्या की समजायचं, बातमी मोठी आहे. आज त्या खांद्यापर्यंत दिसत होत्या.

"तलावात नाही हो, तलावाजवळ. नुसती बंद पडली."

"असं होय! बाई तर सांगून राहिली होती की क्रेननं वर काढली." त्यांचा चेहरा जरा उतरला. तलाव हातचा गेला होता ना! "पण दोरीनं बांधून आणली, हे तरी खरं?"

"ते खरं."

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. वहिनींच्या सासरचे लोक तीन पिढ्यांपूर्वी नागपूरकडून येऊन तात्यापाऱ्यात राहिले, मग इकडे आले. घरात मराठी टिकली, फक्त तिला छत्तीसगढचं पाणी लागलं. माझं माहेर मनमाडजवळचं. त्यांना माझी मराठी पुस्तकातली वाटते आणि मला त्यांची गुळातली.

"मग झालं काय? नीट पहिल्यापासून सांगा. दूध मी गॅसवरून उतरवूनच आले आहे."

म्हणजे बैठक लांबणार होती. मी बादली खाली ठेवली.

"परवा रात्री लेकीला माना विमानतळावर सोडलं. जाताना गाडी दोनदा खोकली. हे म्हणाले, पावसाची हवा आहे, दमट झालं असेल. परतताना काटा तळाला टेकलेला दिसला, म्हणून एका पंपावर थांबलो, दीड हजाराचं पेट्रोल टाकलं."

"कुठल्या पंपावर?"

"ते नका विचारू."

"भिंतीपलीकडे जाणार नाही हो ताई."

वहिनींच्या बाबतीत भिंतीपलीकडे म्हणजे नक्की कुठल्या बाजूला, हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही. मी पुढे निघाले. "पंपावरून बाहेर पडलो आणि दोन-तीन किलोमीटरवर गाडी झटके खायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी जोर नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. तेलीबांध्याला येऊन एक आचका दिला आणि बंद. नाव तेलीबांधा, आणि तिथंच तेलानं दगा दिला!"

"मग भाऊजींनी किल्ली मारून पाहिली असेल?"

"एकदा नाही, बारा वेळा. तिथंच चुकलं. मेकॅनिक नंतर रागावला. म्हणाला, नुकतंच पेट्रोल भरलंय आणि गाडी अशी करतेय, म्हणजे संशय टाकीवर घ्यायचा. किल्लीवरचा हात काढायचा. जितक्या वेळा स्टार्टर माराल तितकं ते खराब पेट्रोल पंपातून, फिल्टरमधून पुढे इंजेक्टरपर्यंत ढकलाल. टाकीत आहे तोवर टाकीचं काम. पुढे गेलं की सगळ्या गाडीचं."

"मग काढलं कसं? तोंडानं नळी ओढून?"

"छे! ती जुनी तऱ्हा. पेट्रोल पोटात नाहीतर फुप्फुसात गेलं तर माणूसच दवाखान्यात. आमच्या गाडीची मागची सीट उचलली, खाली एक झाकण निघालं. त्यातून पेट्रोलचा पंप अख्खा बाहेर काढला आणि हातपंपानं टाकी रिकामी केली. आधी बॅटरीची तार सोडवली, आणि शेजारी बिडी ओढत बसलेल्या पोराला गल्लीच्या टोकापर्यंत हाकललं. मग त्यानं काचेच्या बाटलीत ते पेट्रोल धरलं, पाच मिनिटं ठेवलं, आणि मला दाखवून म्हणाला, 'एमा त पानी भरे हे, अम्मा.' वहिनी, बाटलीत दोन थर! वर पिवळसर पेट्रोल, आणि खाली तांदूळ धुतल्यासारखं गढूळ पाणी."

वहिनींनी घमेल्यावर पाय बदलला. डोळे बारीक केले. आता तपास सुरू झाला.

"ताई, मी नाव घेत नाही. पण समोरच्या घराशी तुमचं गाडी लावण्यावरून झालं होतं ना, होळीच्या वेळी?"

"त्याचं काय?"

"कोणी साखर टाकली असेल टंकीत. आमच्या दुर्गच्या मामांच्या मोटरसायकलीत टाकली होती. इंजिन बसलं."

"अहो, साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही. मेकॅनिकला मीही हेच विचारलं. त्यानं चांगल्या पेट्रोलच्या दुसऱ्या बाटलीत चिमूटभर साखर टाकून दाखवली. गेली तळाला, बसली तशीच. चहा थोडाच आहे तो! फार तर फिल्टर चोंदेल. आणि शिवाय साखर वेगळी टाकायची गरज काय? कारखान्यांनी आधीच टाकलेली आहे."

"म्हणजे?"

"इथेनॉल! वीस टक्के. आमच्याकडच्या उसाच्या रसाचं नि मळीचं, आणि आता तांदळा-मक्याचंसुद्धा. तुमच्या या धानाच्या कटोऱ्यातही धानापासून इथेनॉल करायचं किती वर्षं चाललंय, कवर्ध्याच्या साखर कारखान्यालाही इथेनॉलचा प्रकल्प जोडलाय. म्हणजे टाकीत थोडं कोल्हापूर, थोडं कवर्धा. गाडी झिंगणारच."

वहिनी हसल्या, पण तपास सोडला नाही. "तेच! मी म्हणतच होते. हे नवीन पेट्रोलच सगळं बिघडवून राहिलंय. आमच्या ह्यांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं."

"पडतं थोडं, ते खोटं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, जुन्या ठेवणीच्या चारचाकीला सहा-सात टक्के फटका बसेल म्हणून. हे पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत आलं, त्याच एप्रिलपासूनच्या गाड्या त्याला चालतील अशा बनवतात. आमची अकरा वर्षांची. पण अ‍ॅव्हरेज पडणं वेगळं आणि गाडी आचके देऊन बंद पडणं वेगळं. इथेनॉलचा दोष दुसराच आहे. त्याला पाण्याची ओढ. पावसाळ्यात गुळाची ढेप उघडी ठेवली तर काय होतं?"

"पाघळते."

"तसंच. हवेतला ओलावासुद्धा ओढून घेतं. थोडं पाणी असलं तर इथेनॉल ते पोटात घालतं, गाडीला कळतही नाही. पण पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याला जाऊन मिळतं. पेट्रोलशी त्याचं लग्न ठरवून लावलेलं; पाण्याशी नातं आधीपासूनचं. मग दोघं मिळून जड होतात आणि तळाला बसतात. गाडीचा पंप पेट्रोल ओढतो कुठून? तळातूनच! वर चांगलं पेट्रोल तरंगतंय आणि इंजिनाच्या तोंडात मात्र पाणी."

"पूर्वी नसायचं असं."

"पूर्वीही पाणी जायचं. पण ते वाटीभर असलं तर वाटीभरच खाली बसायचं. आता ते इथेनॉललाही बरोबर घेऊन बसतं, म्हणून थर मोठा दिसतो. घेऊन बसलं की वरच्या पेट्रोलचाही कस उतरतो."

वहिनींनी हे सगळं गिळलं आणि थेट मुद्द्याला हात घातला. "मग पाणी पंपवाल्यानंच पाजलं! पाऊस किती पडून राहिला होता! जमिनीखालच्या टाकीत उतरलं असेल. आमची मावसबहीण इंदूरला असते. ती सांगत होती, रतलामला तर मुख्यमंत्र्यांच्याच गाड्या बंद पडल्या होत्या!"

"हो, २०२५ च्या जूनमध्ये. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ताफ्यातल्या एकोणीस गाड्यांत डिझेल भरलं, आणि थोडं अंतर जाऊन एकामागून एक रस्त्यात उभ्या. टाक्या खोलल्या तर आत पाणी. पंप सील झाला, इंदूरहून दुसऱ्या गाड्या मागवाव्या लागल्या."

"बघा! मुख्यमंत्र्याला सोडत नाहीत, तुम्ही-आम्ही कोण? भाऊजींनी पंपावर जाऊन चांगला तमाशा करायला हवा होता. चार लोक जमवायचे, व्हिडिओ काढायचा, 'भेसळ, भेसळ' म्हणून ओरडायचं."

मी टॉवेल उगाचच झटकला. हा शब्द माझ्या माहेरी सहज कोणी उच्चारत नाही.

"वहिनी, आमच्या मनमाडजवळ पानेवाडी आहे. तिथं तेल कंपन्यांचे डेपो. २०११ साली, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, २५ जानेवारीला, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्यानं चालले होते. टँकरमधून तेलाची चोरी, भेसळ चाललेली दिसली. उतरले, विचारायला गेले. दिवसाढवळ्या त्यांना जिवंत जाळलं."

वहिनी काही बोलल्या नाहीत.

"त्या वेळी रेशनचं निळं रॉकेल पेट्रोल-डिझेलच्या मानानं इतकं स्वस्त होतं की मिसळणाऱ्याची चांदी. रॉकेल म्हणजे तुमचं मिट्टी का तेल. गरिबाच्या चुलीसाठी सरकारनं स्वस्त केलेलं, आणि जायचं टँकरात. त्याच्या आधी २००५ साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला इंडियन ऑइलचा मंजुनाथ नावाचा तरुण अधिकारी. भेसळीचा पंप सील केला, म्हणून गोळ्या घातल्या. सत्तावीस वर्षांचा होता. सोनवण्यांच्या वेळी मी माहेरीच होते, आईच्या दुखण्यासाठी. सबंध राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. आमच्या आळीत आठ दिवस कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं."

पलीकडच्या अंगणात कबुतरं फडफडली. वहिनींनी पदरानं भिंतीवरची धूळ पुसली, जिची काही गरज नव्हती.

"म्हणून यांनी तमाशा केला नाही," मी म्हटलं. "ज्या शब्दासाठी माणसं जळाली, तो खात्री केल्याशिवाय कोणाच्या अंगावर फेकायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. हे काल दुपारी बाटली घेऊन पंपावर गेले, आणि शांतपणे म्हणाले, तपासून दाखवा."

"आणि त्यांनी दाखवलं?"

"दाखवावंच लागतं! आपल्याला माहीत नसतं एवढंच. फिल्टर पेपर मागितला की द्यायला हवा, फुकट. नळीचं तोंड पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. चांगलं असेल तर दोन मिनिटांत उडून जातं, मागे काही राहत नाही. रॉकेल, डिझेल असलं तर डाग धरतो. मग घनता. पंपावर घनता लिहिलेली असते, ती मोजायची काचेची नळीही तिथंच असते. डेपोच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा घनमीटरमागे तीन किलोहून जास्त फरक निघायला नको. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं भांडं असतं, त्यात टाकून दाखवा म्हणायचं. तक्रारवही मागायची. नाही म्हणाले तर तीच तक्रार."

"आणि पावती?"

"पावती कोण घेतं हो! आमचीही नव्हती. पण पैसे मोबाइलवरून दिले होते, त्यामुळे तारीख, वेळ, रक्कम सगळं निघालं. पुढच्या वेळी पावती घेणार. वकिलापुढे मोबाइल दाखवण्यापेक्षा कागद बरा."

"मग? निघालं पाणी?"

वहिनी आता घमेल्यावर चवड्यांवर उभ्या होत्या. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं माझ्याकडे झुकलेलं.

"फिल्टर पेपर कोरा. घनता बरोबर. मग त्यांनी जमिनीखालच्या टाकीत लांब पट्टी सोडली. तिच्या टोकाला एक पेस्ट लावतात, पाणी लागलं की रंग बदलते. नाही बदलली. त्या रात्री आमच्या मागेपुढे पेट्रोल भरलेल्या गाड्यांपैकी कोणाचीच तक्रार नाही. तिथला एक मुलगा तर म्हणाला, काका, माझ्या गाडीतही त्याच नळीचं पेट्रोल आहे, चालवून बघा. यांनी चालवली. पळते."

"दिखावा असेल."

"असेल असं आम्हालाही वाटलं. पण मेकॅनिकनं एक प्रश्न विचारला. म्हणाला, पंपावर जायच्या आधी गाडी खोकली होती का?"

वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "खोकली होती. तुम्हीच सांगितलं."

"तेच. म्हणजे पाणी पंपाच्या आधीपासूनच टाकीत होतं. टाकी जवळजवळ रिकामी, पाणी एका कोपऱ्यात बसलेलं. वरून दीड हजाराचं पेट्रोल पडलं, तळ ढवळला गेला, आणि ते पाणी पंपाच्या तोंडाशी आलं. पंपवाल्यानं पाणी दिलं नाही. त्यानं फक्त ढवळलं. म्हणून तर म्हणतात, पंपावर टँकर खाली होत असेल तेव्हा पेट्रोल भरू नये. त्यांच्याही टाकीचा तळ तेव्हा ढवळलेला असतो."

"पण मग आधी आलं कुठून? पाणी कुठंतरी मुरतंच ना ताई!"

"मेकॅनिकनं गाडीचं पेट्रोलचं झाकण उघडलं. बाहेरच्या पत्र्याच्या झाकणाआड एक खळगा असतो. त्या खळग्याला खाली बारीक भोक असतं, पाणी वाहून जायला. ते आमच्या कडुनिंबाच्या पानांनी गच्च भरलेलं. आत झाकणाची रबरी चकती, उन्हानं तडकलेली. रायपूरचं मे महिन्याचं ऊन, पंचेचाळीस डिग्री, अकरा उन्हाळे! खळग्यात पाणी साठलं, बाहेर जायला वाट नाही, मग चकतीच्या फटीतून थेंब थेंब टाकीत."

"हां, पावसाचं."

"साध्या पावसानं एवढं नाही होत, असं तो म्हणाला. रोज कॉलनीत शंभर गाड्या भिजतात. गाडीच्या बरोबर त्याच जागी वरून धार पडत असली पाहिजे, तीसुद्धा दोन-तीन रात्री."

आणि मी वर बघितलं. खरं म्हणजे बघायचं नाही असं ठरवून आले होते. हे म्हणाले होते, "शेजार आहे, पाइप नको काढूस." पण नजर गेली. वहिनींच्या गच्चीचा पाइप भिंतीवरून वीतभर आमच्या बाजूला आलेला आहे. त्याच्या तोंडाशी एक थेंब जमत होता. जमला, फुगला आणि टप्पकन खाली पडला. जिथं आमची गाडी उभी असते त्या फरशीवर, मागच्या चाकाच्या जरा पुढे.

वहिनींची नजर माझ्या नजरेबरोबर वर गेली. थेंबाबरोबर खाली आली. दुसरा थेंब जमेपर्यंत दोघी बोललो नाही.

"पण ताई," वहिनी म्हणाल्या, "चकती तर तुमचीच फाटली होती ना?"

"फाटली होती."

"आणि पानंही तुमच्याच झाडाची."

"आमच्याच झाडाची."

"मग!" त्या म्हणाल्या आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "खर्च किती आला?"

"साडेचार हजार. टाकी धुणं, फिल्टर, इंजेक्टर साफ करणं. चकतीला धरून झाकण नवीन घेतलं, ते सगळ्यात स्वस्त. आणि पुढे टाकी अर्ध्याच्या खाली ठेवायची नाही म्हणून सांगितलंय. रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त."

"काढलेल्या पेट्रोलचं काय केलं? नालीत?"

"नाही हो! नालीत टाकलं आणि कोणी काडी ओढली तर? ते मेकॅनिकच्या कॅनमध्ये. सुटे भाग धुवायला वापरतो म्हणे."

घरातून हाक आली तशा वहिनी घमेल्यावरून उतरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी उरलेले टॉवेल वाळत घातले.

दुपारी पलीकडे ठोकाठोकी ऐकू आली. गच्चीवर एक माणूस पाइपला कोपरा बसवत होता. तोंड त्यांच्या तुळशीकडे वळवून. संध्याकाळी भिंतीवर स्टीलचा डबा आला. पोळा चार दिवसांवर आहे, म्हणून ठेठरी-खुरमीचा पहिला घाणा काढला, असं डब्याबरोबर आलेला आवाज म्हणाला. डोकं दिसलं नाही. आवाज टाचा न उचलता बोलत होता.

रात्री फिरायला निघाले तर समोरच्या घरातल्या काकूंनी फाटकाशी गाठलं. होळीनंतर पहिल्यांदाच त्या आपणहून बोलत होत्या.

"काय हो, पंपावर भेसळ सापडली म्हणे? रॉकेल होतं ना?"

मागे आमच्या भिंतीपलीकडे घमेलं सरकल्याचा आवाज झाला.

"नाही काकू," मी म्हटलं. "नुसतं पाणी होतं. आमच्याच झाकणाची चकती फाटली होती."

"एवढंच?"

"एवढंच."

घमेल्याचा पुन्हा एकदा आवाज झाला. या वेळी कोणीतरी हलकेच त्यावरून उतरलं होतं.